स्मार्ट बॅज घालून परिषदेला जाताना

नुकतीच एका मोठ्या तांत्रिक परिषदेला जाऊन आले. एकाला एक जोडलेले हॉल, शेकडो स्टॉल, एकाच वेळी पाच-सहा सभागृहांत व्याख्यानं. व्याख्यानांबद्दल बरेच जण लिहितील. मी लिहितेय ते गळ्यातल्या स्मार्ट बॅजबद्दल आणि फोनवरच्या चेक-इनबद्दल. या दोन्हींचा मला मनापासून उपयोग झाला, आणि आपली माहिती कुठे जाते यावर बऱ्यापैकी ताबाही ठेवता आला. त्यासाठी एकच गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते: कुठली नोंद आपण स्वतः हात पुढे करून देतो, आणि कुठली नोंद नुसतं दारातून चालत गेलं तरी होते.

तयारी घरूनच सुरू करा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये चांदणी नसलेल्या रकान्यांत काही भरायची गरज नसते, तरी बहुतेक लोक मोबाइल नंबरापासून पदापर्यंत सगळं भरून मोकळे होतात. तुम्ही तिथे जे लिहाल तेच पुढे स्टॉलवाल्याच्या स्क्रीनवर उमटणार आहे, हे लक्षात ठेवून भरा. ईमेलसाठी एक सोपी युक्ती आहे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्याकडेच येतं. परिषदेसाठी असा वेगळा पत्ता दिला की नंतर येणारी पत्रं एका फोल्डरमध्ये वळवता येतात, आणि तो पत्ता कोणाकोणाकडे पोचला तेही कळतं.

परिषदेचं ॲप उघडल्या उघडल्या लोकेशन, ब्लूटूथ आणि नोटिफिकेशन अशा तिन्ही परवानग्या मागतं. लोकेशनला ‘ॲप वापरत असतानाच’ एवढीच परवानगी द्या, ‘नेहमी’ नको. आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइड १२ पासून अचूक जागेऐवजी ढोबळ जागा देण्याचीही सोय आहे, पण त्यात हॉलच्या आतलं चेक-इन नीट चालत नाही. तेव्हा नकाशा हवा असेल तर आत असेपर्यंत अचूक लोकेशन चालू ठेवा आणि बाहेर पडताना बंद करा.

आता बॅज. काउंटरवर क्यूआर कोड दाखवला की बॅज छापून हातात येतो. तो गळ्यात अडकवण्याआधी बाजूला व्हा आणि फोनचा टॉर्च त्याच्या मागे धरून बघा. माझ्या बॅजमध्ये उजेडात दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. खालच्या कोपऱ्यात तारेची छोटी गुंडाळी होती, चौकोनात चौकोन असावेत तशी. वरच्या बाजूला आडवी, नागमोडी वळणांची बारीक पट्टी होती आणि तिच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. गुंडाळी म्हणजे एनएफसी. तिचं काम १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, आणि वाचायचं तर फोन किंवा रीडर जवळजवळ टेकवावा लागतो, चारेक सेंटिमीटरच्या आत. नागमोडी पट्टी म्हणजे यूएचएफ आरएफआयडी. ती ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि कित्येक मीटरवरून वाचता येते. दोन्हींत बॅटरी नसते, रीडरच्याच लहरींमधून चिपला ऊर्जा मिळते. म्हणजे गुंडाळीची नोंद तुम्ही देता आणि पट्टीची नोंद होते. दारांच्या वर किंवा बाजूला पांढऱ्या चपट्या पेट्या दिसल्या तर ते या पट्टीचे अँटेना समजा. काही ठिकाणी ते पायाखालच्या चटईतही असतात.

बॅज हातात आलाच आहे, तर आपल्याच फोनने तो एकदा वाचून घ्या. अशी चिप (टॅग) वाचणारी फुकट ॲप्स मिळतात. अशा बॅजमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनटॅग २१३ चिपमध्ये वापरायला जेमतेम १४४ बाइट जागा असते. त्यात नुसता क्रमांक असेल तर उत्तम, कारण त्या क्रमांकामागचं नाव आयोजकांच्या सर्व्हरवर राहतं. नाव, ईमेल, फोन असं सगळं उघडं लिहिलेलं असेल तर गर्दीत बॅजला फोन टेकवणाऱ्या कोणालाही ते वाचता येईल. तसं दिसलं तर मदत कक्षात जाऊन स्पष्ट विचारा. माझ्या बॅजमध्ये फक्त क्रमांक होता आणि ते पाहून मला खरंच बरं वाटलं.

स्टॉलवर बॅज स्कॅन करू देणं म्हणजे व्हिजिटिंग कार्ड देणं. यात वाईट काही नाही, फक्त कार्डावर काय छापलंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी विचारत गेले, “तुमच्या स्क्रीनवर माझं काय काय येतं?” बहुतेकांनी आनंदाने फोन माझ्याकडे वळवला. नाव, संस्था, पद, ईमेल, आणि खाली ‘पाठपुरावा करायचा का’ असा रकाना. एका मुलीने तर माझ्यासमोरच त्या रकान्यात लिहिलं: फक्त माहितीपत्रक पाठवणे, फोन नको. हे तुम्हीही करून घ्या. स्कॅन करणारा माणूस समोर उभा असतानाच सांगितलेलं पाळलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

व्याख्यानांना गेल्याचं प्रमाणपत्र हवं असणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. सभागृहातली हजेरी बॅजच्या वरच्या नागमोडी पट्टीवरून लागत होती, आणि या लहरींना माणसाचं शरीर अडवतं. बॅज छातीला चपटा चिकटला, जॅकेटच्या आत गेला किंवा मागे धातूची बाटली आली की नोंद सुटते. उलटही होतं. दाराबाहेर गप्पा मारत उभं राहिलं तरी आतली हजेरी लागू शकते. त्यामुळे प्रत्येक व्याख्यानानंतर ॲपमध्ये नोंद आली का ते बघा. आली नसेल तर दारावरच्या स्वयंसेवकाकडून हाताने स्कॅन करून घ्या. संध्याकाळी सांगायला गेलं की तिथे रांग असते आणि पुरावा नसतो.

नकाशावरचा निळा ठिपका सकाळी रिकाम्या हॉलमध्ये बरोबर चालला. दुपारी गर्दी वाढली तसा त्याने मला चक्क शेजारच्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं. हॉलच्या आत हा ठिपका भिंतींवरच्या ब्लूटूथ यंत्रांवरून ठरतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, आणि अंतराचा अंदाज सिग्नलच्या जोरावरून काढला जात असल्याने माणसं मध्ये आली की हिशेब बिघडतो. अल्ट्रावाइडबँड या दुसऱ्या रेडिओ तंत्रात लहरीला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात, म्हणून तिथे चूक साधारण दहा ते तीस सेंटिमीटरांवर येते. पण त्यासाठी वेगळे बॅज आणि वेगळी यंत्रणा लागते. तेव्हा गर्दीत हॉल क्रमांकाच्या पाट्यांवर विसंबा.

ब्लूटूथबाबत एक फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भिंतीवरचे बीकन, म्हणजे ब्लूटूथवर सतत संकेत पाठवणारी छोटी यंत्रं (ॲपलने आपलं आयबीकन २०१३ मध्ये आणलं), फक्त आपला क्रमांक ओरडत असतात. त्यांना तुमच्याबद्दल काही कळत नाही. ऐकतो तो तुमचा फोन, आणि सर्व्हरला कळवतं ते तुमचं ॲप. इथे ब्लूटूथ बंद केलं की विषय संपला. पण बॅजमध्येच बटण-सेल आणि ब्लूटूथ असेल तर सगळं उलटं होतं: बॅज बोलतो, छतावरची यंत्रं ऐकतात, आणि फोन बंद करून काहीही फरक पडत नाही. तिथे उपाय एकच, बॅज काढून ठेवणं. खासगी भेटीला जाताना, नोकरीबद्दल बोलायला बसताना, स्वच्छतागृहात जाताना मी माझा बॅज धातूच्या डबीत ठेवत होते. कोणीही हरकत घेतली नाही.

ही कल्पना जुनी आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ च्या दरम्यान ‘ॲक्टिव्ह बॅज’ तयार झाला. तो दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेडवर आपली ओळख पाठवायचा, आणि त्यावरून आलेला फोन त्या माणसाच्या सगळ्यात जवळच्या टेलिफोनवर वळवता यायचा. डिसेंबर २००६ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर्सच्या परिषदेत ‘स्पुटनिक’ नावाचे रेडिओ टॅग आले. ज्याला हवा त्याने घ्यावा आणि आपला माग किती सहज काढता येतो ते स्वतः अनुभवावं, असा तो उघड प्रयोग होता. मार्च २००९ मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात फोरस्क्वेअर हे चेक-इनचं ॲप सुरू झालं आणि ‘मी इथे आहे’ असं स्वतःहून जाहीर करणं हजारोंच्या सवयीचं झालं. त्याच वर्षी तुरीनच्या हायपरटेक्स्ट परिषदेत सोशियोपॅटर्न्स या, माणसांच्या भेटीगाठींचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाच्या संशोधकांनी शंभरेक लोकांच्या संमतीने त्यांच्या छातीवर टॅग लावले. मघाशी म्हटलं ना, शरीर लहरी अडवतं? त्यांनी त्याचाच उपयोग केला. एक-दीड मीटरवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचेच टॅग एकमेकांना ऐकू जायचे, पाठमोऱ्यांचे नाही. कोण कोणाशी बोलतंय हे वीस सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवलं गेलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात टॅग घालणाऱ्याला काय नोंदवलं जातंय ते आधीच ठाऊक होतं.

तशीच पद्धत इथे एका दालनात होती आणि ती मला सगळ्या परिषदेत सर्वांत जास्त भावली. दोघांनी एकाच वेळी तिथल्या सेलवाल्या बॅजचं बटण दाबायचं, दोन्ही बॅजवर हिरवा दिवा लागला की संपर्काची देवाणघेवाण झाली. एकाने दाबून काही होत नाही. रात्री ॲपमध्ये नावापुढे वेळ आणि हॉल दिसतो, त्यामुळे कोणाशी काय बोललो ते पटकन आठवतं. ही यादी मात्र शेवटच्या दिवशीच फाइल म्हणून उतरवून घ्या. परिषद संपली की अशी ॲप्स थोड्याच काळात बंद केली जातात.

दारातल्या नोंदींचाही चांगला उपयोग दिसला. एक सभागृह भरत आलं की बाहेरच्या पडद्यावर आधीच सूचना यायची, आणि लांबच्या हॉलमधून पायपीट करत येणाऱ्यांना शेजारच्या खोलीत थेट प्रक्षेपण असल्याचं कळायचं. व्हीलचेअरवरून फिरणाऱ्या माणसासाठी ही माहिती फार मोलाची आहे. यासाठी नाव लागत नाही, नुसती संख्या पुरते. आयोजकांनी इतकंच ठेवलं तर माझी काहीच तक्रार नाही.

प्रवेशद्वारावर चेहरा ओळखणारी वेगळी रांग होती. ती भराभर सरकत होती, तरी मी बॅजच्या रांगेत उभी राहिले आणि तुम्हीही तेच करा असं सांगेन. बॅज हरवला तर जुना क्रमांक रद्द करून नवा देतात, चेहऱ्याचं तसं करता येत नाही. बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये २०२१ साली अशी यंत्रणा वापरताना जोखमीचं मूल्यमापन नीट केलं नाही, म्हणून स्पेनच्या माहिती संरक्षण संस्थेने आयोजकांना २०२३ मध्ये २ लाख युरोंचा दंड केला होता. दुसरी रांग जवळपास प्रत्येक ठिकाणी असते. पाटी दिसली नाही तर विचारा.

फोटो टाकताना बॅजवरचा क्यूआर कोड झाका, फोटोवरूनही तो सहज स्कॅन होतो. आणि चेक-इनची पोस्ट तिथून निघाल्यावर करा. आपण आत्ता कुठल्या हॉलमध्ये आहोत आणि घरी कोणी नाही, हे सगळ्या जगाला तत्काळ कळायची गरज नसते.

परतल्यावर मी आयोजकांना ईमेल करून माझ्या नोंदींची प्रत मागितली. जीडीपीआर हा युरोपचा माहिती संरक्षण कायदा लागू असेल तिथे साधारणपणे एका महिन्यात उत्तर देणं बंधनकारक असतं. आली ती साधी तक्त्याची फाइल: वेळ, दाराचा क्रमांक, बॅजचा क्रमांक. एका सभागृहात मी गेलेच नव्हते, नुसती दारासमोरून तीन-चारदा गेले होते, तरी तिथली हजेरी लागलेली. ती काढून टाकायला सांगितली. तुम्हीही प्रत मागाल तेव्हा आधी ती तपासा, प्रमाणपत्रातले तास दुरुस्त करून घ्या, आणि मगच खातं आणि नोंदी पुसून टाकायची विनंती करा. हा क्रम उलटला तर दुरुस्त करायला काही उरत नाही. सेलवाला बॅज शक्यतो निघतानाच परत करा. बहुतेक ठिकाणी बाहेर पडायच्या दाराशी त्यासाठी पेटी ठेवलेली असते.