तंत्रशिक्षकांच्या परिषदेला जाताय? आधी पावतीवरच्या तारखेचा विचार करा (माझा अनुभव)

परिषद तीन दिवसांची होती. निबंध लिहायला दोन आठवडे लागले. खर्चाचं देयक निघायला मात्र पाच महिने लागले, आणि त्यातले जवळपास चार महिने एकाच कारणाने गेले. नोंदणी शुल्काच्या पावतीवरची तारीख मान्यतेच्या आदेशाच्या नऊ दिवस आधीची होती. पॉलिटेक्निकमधल्या अधिव्याख्यात्यांना आणि आयटीआयमधल्या शिल्प निदेशकांना परिषदेला जायचं असेल, तर ही एक गोष्ट कुणीतरी आधीच सांगायला हवी. मला कुणी सांगितली नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी परिषद कोणती निवडायची ते. आपल्या क्षेत्रात दोन जातीच्या परिषदा असतात. एक विषयाची, म्हणजे यंत्र, स्थापत्य, विद्युत वगैरे. दुसरी तो विषय शिकवण्याची. डिप्लोमाला शिकवणाऱ्याला दुसरी जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे. इंडियन सोसायटी फॉर टेक्निकल एज्युकेशन, म्हणजे आयएसटीई, हे या दुसऱ्या जातीतलं जुनं नाव. १९४१ मध्ये तंत्रसंस्थांच्या प्राचार्यांची संघटना म्हणून ती सुरू झाली, १९६८ पासून आत्ताच्या नावाने चालते आणि मुख्यालय आयआयटी दिल्लीच्या आवारात आहे. तिची आजीव सदस्यता घेऊन ठेवा. बऱ्याच आयोजकांकडे सदस्यांना शुल्कात सवलत असते, पण ती मिळवायला सदस्यत्व क्रमांक फॉर्म भरतानाच टाकावा लागतो, नंतर फरक परत मिळत नाही. भोपाळ, चंडीगड, चेन्नई आणि कोलकाता इथल्या चार राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण संस्थांचे कार्यक्रमही बघत राहा. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या क्षेत्रात येतात. मात्र तिथलं एक-दोन आठवड्यांचं प्रशिक्षण वेगळं आणि परिषद वेगळी. कॅसच्या (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीची योजना) फाइलला प्रशिक्षणाच्या जागी परिषदेचं प्रमाणपत्र लावून चालत नाही.

आता खरी अडचण.

परिषदेचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. आधी सारांश पाठवायचा, मग पूर्ण निबंध, मग परीक्षकांचे शेरे, मग स्वीकृतीचा ईमेल. या ईमेलमध्ये अंतिम प्रत आणि नोंदणी यांची एकच मुदत असते, साधारण दहा ते पंधरा दिवसांची. निबंधाच्या लेखकांपैकी किमान एकाने त्या मुदतीत शुल्क भरलं नाही, तर निबंध कार्यवृत्तातून, म्हणजे परिषदेच्या छापील निबंधसंग्रहातून, गळतो. दुसरीकडे संस्थेतली नस्ती, म्हणजे प्रस्तावाची फाइल, विभागप्रमुखांकडून आस्थापनेकडे जाते, तिथून लेखाशाखेकडे, मग प्राचार्यांकडे, आणि वरिष्ठ कार्यालयाची मान्यता लागत असेल तर पुन्हा तिथल्या पायऱ्या. सगळं सुरळीत झालं तरी तीन आठवडे. पंधरा दिवसांच्या मुदतीत तीन आठवड्यांचं काम बसत नाही, हे उघड आहे. मग माणूस काय करतो? शेवटच्या दिवशी स्वतःच्या खात्यातून यूपीआयने पैसे भरतो आणि मान्यता येईलच असं समजतो. मीही तेच केलं. मान्यता आलीसुद्धा.

देयक सादर केल्यावर ते सव्वीस दिवसांनी परत आलं. पावतीच्या झेरॉक्सवर तारखेभोवती पेन्सिलचं वर्तुळ होतं आणि समासात बारीक अक्षरात एक ओळ: ‘मान्यतेपूर्वीचा खर्च. खुलासा व्हावा.’ खुलासा दिला, सोबत मुदतीचा ईमेल जोडला. त्यावर उत्तर आलं की खुलासा पुरेसा नाही, कार्योत्तर मान्यता (खर्च झाल्यानंतरची मान्यता) घ्यावी. हा शब्द लक्षात ठेवा, कारण त्याचा अर्थ असा की तीच नस्ती तळापासून पुन्हा वर चढणार, त्याच टेबलांवरून, त्याच क्रमाने. ती वर जाऊन खाली आली, तेव्हा दुसरी त्रुटी निघाली. मान्यता ५,००० रुपयांची आणि पावती ५,९०० ची. वरचे ९०० रुपये म्हणजे १८ टक्के जीएसटी. माहितीपत्रकात ‘शुल्क ५,००० रुपये’ ठळक आणि ‘जीएसटी वेगळा’ तळाशी लहान अक्षरात छापलेलं होतं. प्रस्तावात मी वरचाच आकडा घातला होता. ही चूक माझी होती, ती मान्य. पण हीच पावती पहिल्या वेळी त्याच हातात होती, वर्तुळही तिच्यावरच काढलं होतं. दोन्ही त्रुटी एकाच कागदावर असताना त्या अडीच महिन्यांच्या अंतराने का कळवायच्या, याचा राग मला अजून आहे. तिसरी त्रुटी उपस्थितीच्या दाखल्याची, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

हे टाळायचं कसं, तर प्रस्ताव स्वीकृतीच्या ईमेलनंतर घालायचाच नाही. सारांश पाठवला त्याच आठवड्यात घालायचा. त्यात ‘निबंध स्वीकारला गेल्यास’ असे शब्द स्पष्ट लिहायचे, म्हणजे मान्यता सशर्त मिळते आणि निबंध नाकारला गेला तर आपोआप गळून पडते. खर्चाच्या ओळीत आकडा घालण्याआधी आयोजकांना ईमेल करून प्रोफॉर्मा इनव्हॉइस मागवायचं. पैसे न भरता ते मिळतं, त्यावर मूळ शुल्क, जीएसटी, एकूण रक्कम, आयोजकांचा जीएसटी क्रमांक आणि बँक खातं असतं. बहुतेक जण ते मागतच नाहीत, पण मागितलं की दोन दिवसांत येतं. ते हातात असेल तर संस्थेलाच थेट आयोजकांच्या खात्यात शुल्क भरायला सांगता येतं, आणि मग आधी भरलं की नंतर हा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी पावतीवर संस्थेचं आणि सहभागी व्यक्तीचं अशी दोन्ही नावं घालायला सांगा. एकच नाव असेल, तर लेखाशाखा दुसरं मागणार.

प्रस्तावातली मागणी या शब्दांत असू द्या: ‘नोंदणी शुल्क (जीएसटीसह), अनुज्ञेय प्रवास भत्ता व दैनिक भत्ता, तसेच प्रवासाच्या दिवसांसह कर्तव्य रजा मंजूर व्हावी.’ यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘प्रवासाच्या दिवसांसह’ लिहिलं नाही तर परिषदेचे तीनच दिवस कर्तव्य रजेत धरले जातात आणि जाण्यायेण्याचे दोन दिवस किरकोळ रजेतून जातात. सोबत माहितीपत्रक, सारांश, प्रोफॉर्मा इनव्हॉइस आणि तासिकांच्या बदलीचा तक्ता जोडा. त्या तक्त्यावर तास घेणाऱ्या सहकाऱ्यांच्या सह्या हव्यात, नुसती नावं चालत नाहीत.

इतकं करूनही मुदत आधी संपत असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, परिषदेच्या संयोजकांना स्पष्ट लिहा की संस्थेची मान्यता प्रक्रियेत आहे, आठ-दहा दिवस मुदत वाढवून द्या. तेही कुठल्यातरी महाविद्यालयातले शिक्षकच असतात, त्यांना हे समजतं. दुसरा, पैसे भरण्याच्या आधी एक साधा अर्ज आवक कक्षात द्या: मुदत अमुक तारखेला संपत असल्याने शुल्क स्वतः भरत आहे, मान्यतेच्या अधीन राहून प्रतिपूर्ती व्हावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि त्यानंतरच यूपीआय उघडा. कार्योत्तर मान्यता तरीही लागू शकते, पण तिचा आधार तुमच्या हातात तयार असतो आणि खुलासे लिहीत बसावं लागत नाही.

नस्ती अडकलीच, तर फोन करत बसू नका, लेखी विचारा. २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा जो अधिनियम आहे, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो, त्यात कलम १० प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याकडे कोणतीही नस्ती साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये असं लिहिलेलं आहे. स्मरणपत्रात या कलमाचा नम्र उल्लेख करा आणि ‘सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ ही ओळ घाला. माझ्या तिसऱ्या स्मरणपत्रात या दोन्ही गोष्टी होत्या आणि उत्तर नवव्या दिवशी आलं. पहिल्याच पत्रात घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तो उपस्थितीचा दाखला. परिषदेत मिळतं ते रंगीत सहभाग प्रमाणपत्र. ते भिंतीला आणि कॅसला. प्रवास भत्त्याच्या देयकाला लागतो तो वेगळा, साध्या लेटरहेडवरचा दाखला. त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हजर होता, आणि निवास व भोजन आयोजकांनी मोफत दिलं की नाही, हे लिहिलेलं हवं, कारण दैनिक भत्ता त्यावरून ठरतो. हा मजकूर घरूनच टाइप करून दोन प्रती न्या. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी नोंदणी टेबलावर सही-शिक्का घ्या. दुपारनंतर टेबल आवरलेलं असतं आणि शिक्का कुणाच्या तरी बॅगेतून गेलेला असतो. जाताना कार्यमुक्तीचा आदेश आणि आल्यावर रुजू अहवाल, हे दोन कागदही देयकाला लागतात. रुजू अहवाल परतलेल्या दिवशीच द्या.

तारखांबद्दल अजून एक. परिषदा डिसेंबर-जानेवारीत दाटीने असतात आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास आटोपत असतात. तुमचं नाव प्रात्यक्षिक परीक्षक म्हणून लागलं असेल, तर कर्तव्य रजा मिळणार नाही. निबंध पाठवण्याआधी परीक्षांचं वेळापत्रक बघून घ्या. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट तक्ता लागेपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिलं तर आपोआप रद्द होतं, म्हणून मान्यतेची वाट बघत तिकीट लांबवू नका. रद्द केलं तर थोडे पैसे जातील, तेवढे जाऊ द्या.

निबंध सादर करायला दहा मिनिटं आणि प्रश्नांना पाच मिनिटं मिळतात. आठपेक्षा जास्त स्लाइड नेऊ नका. आणि शक्य असेल तर वस्तू न्या. माझा विषय वर्कशॉपच्या प्रात्यक्षिकाचे गुण हा होता. आपल्या लॅब मॅन्युअलमध्ये २५ गुण प्रक्रिया आणि उत्पादन असे विभागलेले असतात, पण वर्ग मोठा असला की शिक्षक शेवटी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून फक्त उत्पादन मोजतो. मी लेथवर केलेले माइल्ड स्टीलचे दोन स्टेप टर्निंग जॉब, म्हणजे पायऱ्या कापलेले नमुने, नेले होते. २५ मिलिमीटरच्या दांड्यावर २० आणि १६ च्या पायऱ्या, पुढे चॅम्फर (तिरकी कापलेली कड). दोन्हींची मापं बरोबर. पण एकाच्या तोंडावर, बरोबर मध्यभागी, एक बारीक टोक उभं होतं. टूल (कापणारं हत्यार) सेंटरच्या, म्हणजे दांडा ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या, उंचीला लावलं नसलं, खाली राहिलं, की फेसिंग करताना (तोंड सपाट कापताना) मध्यभागाचा तेवढा धातू कापला जात नाही आणि तो असा उरतो. माप त्याची चुगली करत नाही, अंगठा करतो. ते दोन जॉब रांगांमधून फिरले, प्रत्येकाने तोंडावर अंगठा फिरवून बघितला. त्यानंतर प्रश्नांची पाच मिनिटं संपली तरी लोक थांबले होते. नांदेडकडच्या एका शिल्प निदेशकांनी त्यांची गुणपत्रिका दाखवली. त्यात टूलची उंची आणि टूल पोस्टमधून बाहेर राहिलेली टूलची लांबी, असे दोन रकाने आहेत आणि ते मशीन चालू करण्याआधीच तपासून सही होते. तीस विद्यार्थ्यांना मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. हे दोन रकाने मी या सत्रात माझ्या तक्त्यात घेतले आहेत. या एका कागदासाठी ते पाच महिने मी पुन्हा सोसेन.

विमानाने जाणार असाल तर असे धातूचे जॉब हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या सामानात टाका.

खोट्या परिषदांपासून सांभाळा. स्वीकृती एका दिवसात आली, परीक्षकाचा एकही शेरा नाही आणि निबंधाच्या विषयाचं बंधन नाही, तर पैसे भरू नका. ‘स्कोपसमध्ये (संशोधन निबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत) येणार’ असं कुणी म्हणालं तर मागच्या वर्षीच्या कार्यवृत्ताचं नेमकं नाव मागा आणि ते स्कोपसच्या यादीत स्वतः शोधा.

राहिलं ते नावाचं. आपल्या सेवापुस्तकात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. परिषदेच्या फॉर्ममध्ये नाव आधी आणि आडनाव शेवटी, मधलं बहुधा नसतंच. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हे जास्त नडतं. प्रमाणपत्रावरचं नाव फॉर्ममधून जसंच्या तसं उचलतात, म्हणून ‘प्रमाणपत्रावरील नाव’ असा रकाना असेल तर त्यात सेवापुस्तकातलं पूर्ण नाव त्याच क्रमाने भरा. रकाना नसेल तर परिषदेच्या आठवडाभर आधी संयोजकांना ईमेल करा. छापून झाल्यावर दुरुस्ती मागितली की दुसरं प्रमाणपत्र टपालाने यायला महिना लागतो, आणि तोवर देयक थांबून राहतं.