डॉली वाइल्ड आणि आमची भाची

आज दुपारी कॅटलिन मोरान यांची ‘हाउ टू बिल्ड अ गर्ल’ वाचून संपवली. २०१४ची कादंबरी, गोष्ट १९९०मध्ये सुरू होते. इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनमधली १४ वर्षांची जोहाना. सरकारी घर, बरीच भावंडं, भत्त्यावर चाललेला संसार. टीव्हीवर तिची जाहीर फजिती होते आणि ती ठरवून टाकते, ही जोहाना आता नको. ऑस्कर वाइल्डच्या पुतणीचं नाव उचलते, डॉली वाइल्ड. डोळ्यांत काजळ, काळे कपडे, डोक्यावर उंच हॅट. संगीताच्या साप्ताहिकात लिहू लागते. मनापासून कौतुक करणारीला तिथे भाव नाही हे कळल्यावर मात्र ती गायकांची चिरफाड करत सुटते. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. इतकं प्रेम आतमध्ये असलेली पोर, आणि ते लपवायला शिकते! पुढे तिला ते उमगतं, पण तोवर बऱ्याच जणांना लागलेलं असतं.

संध्याकाळी भाची आली. यंदा दहावीला आहे. लांब वेणी गेलेली, केस कानापर्यंत, मानेला अजून बारीक केस चिकटलेले. “मावशी, आई दोन दिवस बोलत नाहीये. वाईट दिसतंय का गं?”

मी मानेवरचे केस पुसून काढले. म्हटलं, “तुला कसं वाटतंय ते सांग आधी.”

आरशात बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हलकं.”

पुस्तक जाताना तिच्या पिशवीत टाकलंय. दोन-तीन वर्षांनी वाच म्हटलं. ती आजच सुरू करणार, मला माहितीये.