गोळ्यातली गच्ची

सुटीला आलेला भाचा भर उन्हात गच्चीवर तिपाईवर स्टीलचा चकचकीत गोळा ठेवून त्याचे फोटो काढत होता. मी पापड उलटायला गेले तर ओरडला, "मावशी, गोळ्यात येऊन राहिली तू!"

वाकून पाहिलं. अख्खं लोकमान्यनगर त्या नारळाएवढ्या गोळ्यात! टाक्या, तारा, शेजारच्यांची धुणी, आणि कडेला सगळं चपटं होत वळलेलं. अगदी पाठीमागचा जरासा तुकडा तेवढा सुटतो म्हणे. मधोमध मी, नाकासकट.

हा अ‍ॅनिमेशनवाला. उद्या या जागी कॉम्प्युटरमधला हत्ती उभा करायचा, तर त्याच्यावर ऊन कुठून पडेल ते गोळा सांगतो. सूर्य आणि सावली एका फोटोत नीट मावत नाहीत, म्हणून कमी-जास्त एक्स्पोजरचे बरेच काढायचे. कॉम्प्युटर-चित्रांचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी 1998 साली ही रीत मांडली.

मला कुठलंही घासलेलं भांडं दिसलं की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. आजीचा पितळी तांब्या चिंचेने लख्ख झाला की मी त्याच्यासमोर फतकल मारायची. पोटात चूल, फडताळ, आजीचा पदर, सगळं वाकलेलं पण जागच्या जागी. "पुरे गं माकडचेष्टा," आजी म्हणायची आणि जाता जाता स्वतःही बघून घ्यायची. इंदूरच्या इतवारियातल्या काच मंदिरात मात्र माझं कधी जमलं नाही. भिंती, खांब, छत, जिकडेतिकडे काच. जो तो मान वर करून स्वतःला शोधतोय, आणि मला सापडायचा नुसता कान.

साध्या आरशासमोरून बाजूला होता येतं. गोळ्यासमोर कुठेही सरका, बघणारा मधोमधच. डच चित्रकार एशरने 1935 सालच्या शिळाछापात तळहातावर असाच गोळा धरलाय. भोवती अख्खी खोली, मध्ये स्वारी स्वतः. भाच्याच्या धंद्यात ही नसती कटकट. पाव फेरा सरकून दुसऱ्यांदा फोटो काढायचा आणि पहिल्यातला फोटोवाला त्यातल्या तुकड्याने झाकायचा.

एका फोटोचं बटण त्याने मला दाबू दिलं. संध्याकाळी लॅपटॉपवर बघते तर गच्ची तशीच, मी गायब.

"मग हा फोटो काढला कोणी?"

"कोणीच नाही. तसंच दिसायला पाहिजे."

"एक माझ्यासकट ठेव."

"त्याचा काय उपयोग, मावशी?"

नसेना का.