युवारंगवाल्या, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरणाऱ्या, पोरांनी बघावा असा फिलिपिनो पिक्चर

कोरियन सिरीयल हॉस्टेलची पोरं रात्र रात्र बघतात पण फिलिपिन्सचा पिक्चर म्हटलं की कोणी वळूनही बघत नाही. तर भो, 'आंग बाबाए सा सेप्टिक टँक' नावाची 2011 ची कॉमेडी आहे, डायरेक्टर मार्लोन रिवेरा, लिहिलाय क्रिस मार्टिनेझने. फिल्म स्कूलमधून नुकतेच बाहेर पडलेले तिघं, दोन पोरं अन एक पोरगी, कॉफी पीत लॅपटॉपसमोर बसतात आणि ठरवतात की गरिबीवर असा पिक्चर काढायचा की परदेशातले फेस्टिवल हादरले पाहिजेत, ऑस्कर तर आलंच. स्टोरी काय, तर झोपडपट्टीतली सात लेकरांची आई, घरात दाणा नाही, शेवटी पोटचं लेकरू विकायला निघते.

ती बाई नूडल्सचं एक पाकीट भरपूर पाण्यात शिजवून सगळ्या लेकरांना वाटते, आपण गंभीर होऊन बघत असतो, आणि मग कळतं की हे तर पोरांच्या डोक्यातलं चाललंय! मग तीच स्टोरी परत, दुसरी हिरोईन घेऊन, मग म्युझिकल करून, म्हणजे उपासमार चक्क गाणं म्हणते, इथं मी हसून हसून बेजार. युजीन डोमिंगो ही तिकडची मोठी कॉमेडी ॲक्ट्रेस स्वतःचंच काम करते, आणि ॲक्टिंगचे प्रकार समजावते, एक 'एलेव्हेटर', एक 'ॲज इज व्हेअर इज', तो सीन एकटा बघितला तरी पैसे वसूल. तिघांतली पोरगी जोसेलिन तर जवळपास बोलतच नाही, नुसती ऐकते, मला सगळ्यात जास्त तीच आवडली.

लोकेशन बघायला हे तिघं मनिलाकडच्या पायातासच्या कचरा डेपोजवळच्या वस्तीत जातात आणि गरिबी बघून खुश होतात, खरंच खुश. पुढे त्यांचं काय होतं ते सांगत नाही. गंमत म्हणजे ऑस्करच्या मागे लागलेल्यांची टर उडवणारा हाच पिक्चर तिकडच्या सिनेमालाया फेस्टिवलमध्ये बेस्ट ठरला आणि फिलिपिन्सने ऑस्करला पण हाच पाठवला.

आता आपल्याकडे या. युवारंग जवळ आला की जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजात जा, स्किट एकच: कापूस गेला, सावकार आला, दोरी निघाली. विषय खोटा नाही, आपल्याच घरांतला आहे, पण ज्या पोराच्या बापाची केळीची बाग आहे त्याने तरी करपा रोग, भाव, ट्रकवाला यातलं काहीतरी दाखवावं ना. रावेरकडे एका शॉर्टफिल्मचं शूटिंग बघायला गेलो होतो, डायरेक्टर साहेब शेतकरी बाबांना म्हणे, बाबा चप्पल काढा, नवी दिसतेय, फ्रेममध्ये गरीब वाटत नाही. बाबा म्हणे, "का रे भाऊ, गरिबानं नवी चप्पल घ्यायची नाही का?" डायरेक्टरने तेवढं कट केलं. मी असतो तर तेवढंच ठेवलं असतं.

सबटायटल लावून बघा. आणि यंदा कोणी या डायरेक्टर साहेबांवरच स्किट बसवणार असेल तर मला सांगा, बाबांच्या रोलसाठी माणूस आहे माझ्याकडे, चप्पल पण त्याचीच.