हर्णै बंदरावरचा लिलाव
आज दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव जवळून पाहिला. खोल पाण्यात नांगरलेल्या मोठ्या नौकांमधली सुरमई, पापलेट, कोळंबी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते आणि ओल्या वाळूवर ढीग लागताच बोली चढू लागते. डिझेल, बर्फ व खलाशांची मजुरी यांचा खर्च आधीच झालेला असल्यामुळे, काही क्षणांत ठरणाऱ्या त्या भावावर कोळी कुटुंबांचे सारे गणित अवलंबून असते. त्यात १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदीमुळे यांत्रिक नौकांची मासेमारी बंदच. समोरचा सुवर्णदुर्ग पाहायला पर्यटक येतात, याचा मला आनंदच आहे. मात्र छायाचित्रांसाठी त्यांनी लिलावाची वाट अडवू नये, डोक्यावर टोपली घेतलेल्या मावशींना आधी जाऊ द्यावे, ही कळकळीची विनंती.