लिफ्टचा फोन कुठल्या तारेवर आहे?

तांब्याच्या टेलिफोन लाइनी काढून फायबर घ्यायचं, हे आमच्या कॉलेजात दहा मिनिटांत मंजूर झालं. विरोध कोण करणार? कोकणातला पाऊस आणि जमिनीतली तांब्याची केबल यांचं कधी पटलंच नाही. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर, रस्त्याला जेसीबी लागला की फोन मुका आणि मे महिन्यात विजा सुरू झाल्या की मोडेम जळालाच म्हणून समजा. फायबर काचेचं, त्याला गंज नाही आणि विजेचा झटका काचेतून आत येत नाही.

कागदोपत्री मी वरिष्ठ लिपिक, पण ईपीएबीएक्स, म्हणजे कॉलेजचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, माझ्या टेबलामागे असल्यामुळे "मॅडम, डायलटोन नाही" ही तक्रार थेट माझ्याकडे. मीटिंगमध्ये सगळे नेटच्या स्पीडबद्दल बोलत होते. तेही खरंच. 2009 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून कॉलेजांना 512 केबीपीएसच्या ब्रॉडबँड जोडण्या मिळाल्या तेव्हा केवढं अप्रूप होतं! आता परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका ऑनलाइन उतरवून घ्यायच्या आणि बाहेर मुलं ताटकळत उभी, अशा वेळी जुन्या लाइनवर कोण भरवसा ठेवील?

मी एवढंच विचारलं, की या लाइनींवर काय काय लटकलंय याची यादी आहे का? नव्हती. ईपीएबीएक्सच्या रजिस्टरात एक्स्टेन्शन लिहिलेली, पण त्याला वळसा घालून परस्पर बाहेर जाणाऱ्या थेट लाइनींच्या नोंदी निवृत्त झालेल्या लोकांच्या डोक्यात.

म्हणून पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या लाइनमन दादांना बोलावलं. जिन्याखालच्या टॅग ब्लॉकचं, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या तारांना जोडणाऱ्या पेटीचं, झाकण उघडलं तर आधी पालीची अंडी निघाली. मग निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी असे रंग पुटपुटत दादांनी एकेका पेअरला, म्हणजे एका लाइनीच्या तारांच्या जोडीला, हँडसेटच्या क्लिपा लावायला सुरुवात केली. एका पेअरवर स्वच्छ डायलटोन आला. फोन कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. शिपाईमामा आणि दादा केबलचा माग काढत निघाले, ते लायब्ररीच्या इमारतीत लिफ्टपाशी पोचले. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर बटण दाबून बोलायचा फोन त्या तारेवर होता! दुसरी अशीच पेअर फायर अलार्मच्या पॅनेलला. आग लागली की पॅनेल आपोआप ठरलेला नंबर फिरवतं. तिसरी लेडीज होस्टेलच्या रेक्टर मॅडमच्या खोलीत. आणि एक अकाउंट्सच्या फॅक्सला, ज्यावर हल्ली फक्त फुलदाणी असते. तो फॅक्स मी त्याच दिवशी बंद करायला लावला, कुणाला कळलंही नाही.

तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडून सुमारे 48 व्होल्ट डीसी मिळतं. साधा फोन त्यावरच चालतो, म्हणून कॉलेजची वीज गेली तरी तो जिवंत असतो. फायबरमधून फक्त उजेड येतो. त्या उजेडाचं फोन-नेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी भिंतीवरची ओएनटीची डबी आपल्या विजेवर चालते, तिच्यामागचा नेटवर्क स्विच (सगळी जोडणी वाटणारी पेटी) आणि नेटच्या तारेवर चालणारे आयपी फोनही आपल्याच. म्हणजे पूर्वी बॅटऱ्यांची काळजी एक्स्चेंज करायचं, ती आता आपल्या गळ्यात. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागात वीज किती दिवस नव्हती, ते इथल्या माणसाला सांगायला नको. अर्थात अशा वादळात खांब पडले की तांब्याची तारही तुटतेच. उगाच जुन्याची आरती ओवाळायची नाही. पण नुसती वीज गेली आणि कुणी लिफ्टमध्ये अडकलं, हे आमच्याकडे पावसाळ्यात कधीही होऊ शकतं.

ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं बंद करायची डिसेंबर 2025 ची मुदत पुढे जाऊन जानेवारी 2027 झाली. त्यात मोठी अडचण होती ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरातल्या अलार्मची, कारण ते लाइनवर लटकलेले. तिथे घरांची ही कथा, तर आमच्या टॅग ब्लॉकचं काय घेऊन बसलात!

गंमत म्हणजे तांबं काही जात नाहीच. इमारतींमध्ये फायबर टाकलं, पण खोल्यांपर्यंत कॅट 6 ही नेटवर्कची केबल, आणि तिच्यात आठ तारा तांब्याच्याच. आयपी फोनला त्याच तारेतून वीज द्यायची सोय असते, तीही पुन्हा 48 व्होल्टच्या आसपासच. फरक इतकाच, की देणारा स्विच आमच्या रॅकमध्ये आणि त्याचा यूपीएस आमच्या खर्चात. कोटेशनमध्ये फोन होते, स्विच होते. यूपीएस नव्हता. विचारल्यावर सेल्सचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तो ऑप्शनल आहे."

ऑफिसचा नंबर तोच राहिला, हे मात्र फार बरं झालं. गावोगावच्या पालकांच्या डायऱ्यांत तो लिहिलेला आहे. बाकी सगळं फायबरवर गेलं. लिफ्ट आणि फायर पॅनेल या दोन लाइनी मी सोडलेल्या नाहीत. लिफ्टवाल्या कंपनीकडून सिमवर चालणाऱ्या, स्वतःची बॅटरी असलेल्या युनिटचं कोटेशन मागवलंय, आणि लिफ्टच्या आत रेंज येते का, ते दार बंद करून तपासायला सांगितलंय. ते होईपर्यंत दर महिन्याला अकाउंट्समधून "या दोन बिलांचं काय?" असा शेरा येतो, आणि मी खाली "चालू ठेवणे" लिहून फाइल परत पाठवते.