आमची वाटचाल : सोफ्याच्या पायापासून सोफ्यापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर आम्ही सोफ्याचे पाय करू लागलो, तेव्हा ऑइल इंजिनाचे सुटे भाग सोडून हे काय आरंभले, असे शेजारचे गाळेवाले विचारत. माझे पहिले भागीदार मूळचे टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर. प्रत्येक पायाचा एम-८ (आठ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट ते गेजने, म्हणजे मापकाने तपासत आणि चारही पाय सर्फेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या पाटावर उभे करून उंची पाहत. माणसे बसल्याने पाय सहसा मोडत नाही, केर काढताना सोफा ओढल्याने मोडतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखले. म्हणून लाकडात नुसता स्क्रू न मारता टी-नट (लाकडात रुतून बसणारी आट्यांची नट) आणि पत्र्याची प्लेट देण्याचा आग्रह त्यांनी धरला. पुढे स्वस्तातले तयार सोफे सुरू झाले, जिगवर, म्हणजे ठरावीक मापाच्या साच्यावर, एका मापाच्या चौकटी निघू लागल्या, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ गोदाम झाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा २००५ च्या पुराच्या अंदाजाने माल वरच्या फळ्यांवर चढवून आम्ही निर्धास्त राहिलो. पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. ओसरल्यावर दार उघडले, तर फोमचे तक्ते पाणी पिऊन दोघांनाही उचलवेनात, प्लायवूडचे थर सुटलेले, झिगझॅग स्प्रिंगांवर गंज चढलेला. पावडर कोटिंग केलेले पाय तेवढे धुऊन निघाले.

त्याच पंधरवड्यात, आमच्याच गाळ्यात काम शिकलेल्या एकाने आमच्या पायाचा नमुना उचलला, पातळ पत्रा आणि एम-६ बोल्ट वापरून भाव पाडला आणि आम्ही धंदा गुंडाळला, असे दुकानदारांना सांगून आमच्या ऑर्डरी नेल्या. स्पर्धेला माझी ना नाही. पण घरात पाणी शिरलेल्या माणसाविषयी असे बोलणे मी आजही विसरलेलो नाही. त्याचे पाय वर्षभरात वाकून परत येऊ लागले, आणि दुकानदार मात्र सर्वच कोल्हापुरी मालाला नावे ठेवू लागले, याचे दुःख अधिक आहे.

गडहिंग्लजचे आमचे एक व्यापारी रस्ते खुले होताच स्वतः टेम्पो घेऊन आले, चिखलाचे डाग पडलेल्या खोक्यांतले पाय त्यांनी पूर्ण भावाने घेतले आणि पुढच्या सोफ्यांची आगाऊ रक्कम माझ्या हातावर ठेवली. त्या पैशांतून पहिला फोम आला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी फोम बोटाने दाबून घेऊ नये, काट्यावर घालावा. सहा फूट बाय तीन फूट, चार इंच जाडीचा ३२ डेन्सिटीचा (घनमीटरला ३२ किलो वजनाचा) कोरडा तक्ता साडेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे. चार किलो भरला, तर गादी लवकर बसणार आणि तक्रार तुमच्या दारी येणार.

गोदाम आता गोकुळ शिरगावला हलवले आहे. दिवाळीच्या आधी कितीही गर्दी असली, तरी तेथून पहिला टेम्पो गडहिंग्लजचाच भरतो.